आईच्या जागेचा ३४७

मी एक जुना क्रमांक आहे, मित्रांनो. फाटक्या छत्र्या, बंद पडलेली घड्याळं आणि म्हातारे बैल यांच्या कहाण्या तुम्ही ऐकल्या असतील. त्या सगळ्यांबद्दल मला आदर आहे आणि थोडा हेवाही. त्यांना निदान अंग होतं. मला कोणी घडवलं नाही, कोणी बाजारातून आणलं नाही. तीनशे सेहेचाळीस माणसांची नोंद झाली होती आणि आणखी एक माणूस उरलं होतं, म्हणून मी झालो. तीनशे सत्तेचाळीस.

क्रमांकाचं एक बरं असतं. त्याला जिथे लिहाल तिथे तो असतो. मी एका संगणकात होतो, एका फोल्डरवर होतो, काही फोटोंच्या पाठीवर होतो, एका बाईच्या छातीवरच्या बिल्ल्यावर होतो आणि दफनभूमीतल्या एका लाकडी खुंटीवर होतो. त्यातली खुंटी तेवढी आता उरली आहे. ती अवजारांच्या पत्र्याच्या खोलीत पडलेली असते. गवत कापायच्या यंत्राच्या पात्यांना ओलं गवत चिकटतं, ते खरवडायला दफनभूमी सांभाळणारा पीट ती वापरतो. काम हलकं आहे. तक्रार करायची नाही असं ठरवूनच मी बोलायला लागलो आहे.

आमचं गाव लिंडेनफेल्ड, कॅनडातल्या मॅनिटोबाच्या दक्षिण टोकाला. इथे आडनावं मोजकी आणि नावं त्याहून मोजकी. सगळे मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती, सगळे देवभीरू, आणि बारशाच्या वेळी कोणालाही नवीन काही सुचत नसे. त्यामुळे एका वेळी गावात सात पीटर वीबे होते. लोकांनी आपली सोय केली होती. एक गॅरेज-पीट, एक डुक्कर-पीट, एक लांब पीट, एक दोनदा-लग्न-पीट. डुक्कर-पीटच्या गोठ्यांत डुकरं होती, एवढाच त्याचा दोष.

आगाथा वीबेला ही टोपणनावं सहन होत नसत. शाळेच्या कचेरीत तिने आयुष्य काढलं होतं, लग्न केलं नव्हतं, आणि निवृत्त झाल्यावर पहिल्याच हिवाळ्यात तिने संगणक घेऊन त्यात वीबे कुळ भरायला सुरुवात केली. गावात तिला सगळे तांटे आगाथा म्हणत. तांटे म्हणजे आत्या, मावशी, काकू, जी कोणी मोठी बाई असेल ती. प्रोग्रॅम भरलेल्या प्रत्येक माणसाला एक क्रमांक देई. तांटे आगाथाला तो प्रकार फार आवडला.

"नाव देव देतो," ती म्हणायची. "म्हणून ते परत परत तेच येतं. आकडा मी देते. आकड्यात घोळ होत नाही."

तिने स्वतःला एक नंबर दिला. हा गर्व नव्हता. सुरुवात कुठून तरी करायची असते.

मी नेट्टीच्या वाट्याला आलो. नेट्टी म्हणजे याकोबची नवी नवरी. याकोब हा तांटे आगाथाचा पुतण्या. लग्न होऊन दोन रविवार झाले होते, आणि नेट्टी तांटेच्या स्वयंपाकघरात बसून आपली जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, बाप्तिस्मा कुठे झाला, सगळं सांगत होती. तांटे एका बोटाने टाइप करत होती.

"झालीस तू," शेवटी तांटे म्हणाली. "तीनशे सत्तेचाळीस."

"म्हणजे आता मी वीबे?"

"लग्नाने वीबे झालीस. आता पक्की झालीस."

नेट्टी हसली. मला ते हसणं आवडलं. पहिल्या दिवशी सगळ्यांनाच आपलं काम आवडतं.

माझे ते चांगले दिवस होते, मित्रांनो. दर दोन वर्षांनी चर्चच्या तळघरात कुळसंमेलन भरे. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, बिल्ल्यावर आकडा मोठा आणि नाव बारीक. लोक एकमेकांना हात मिळवताना आधी आकडा वाचत. "तू दोनशे बारा? मग तू आमच्या एकोणनव्वदचा मुलगा." कोणाला यात विचित्र वाटत नसे. नेट्टी बिल्ला जपून ठेवी. तिच्या सासूला पक्षाघात झाला तेव्हा नेट्टीने तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली, आणि त्या सगळ्याची नोंद कुठेही झाली नाही. प्रोग्रॅममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

मग मारिके झाली. तिला चारशे बारा मिळाला. आम्ही दोघे एकाच पानावर आलो. तांटेने कागदावर पेन्सिलीने लिहिलं: वडील २१२, आई ३४७. तिच्याकडे प्रत्येक नोंदीचा आधी कागद होई आणि मग संगणक. कागदावर ती फक्त आकडे लिहीत असे. नावं लिहिली की जागा फार जाते, असं तिचं म्हणणं होतं.

मारिकेने एक हिवाळा जेमतेम अर्धा पाहिला. छातीत कफ झाला, आणि रस्ते बर्फाने बंद होते. एवढंच.

जमीन लोखंडासारखी झाली होती. डुक्कर-पीटने खड्ड्याच्या जागी पेंढा जाळून माती मऊ केली, मग कुदळ चालली. आमच्या दफनभूमीची एक रीत होती. कुळसमितीच ती सांभाळायची. लहान मूल पुरलं की त्याच्या शेजारी आईची जागा राखायची आणि तिथे आईच्या क्रमांकाची खुंटी ठोकायची. मला त्या दिवशी लाकडावर लिहिलं, काळ्या रंगाने, आणि मारिकेच्या उजव्या अंगाला ठोकलं.

नेट्टी उभी होती. तिच्या नाकाखाली बर्फ धरलं होतं.

"ती एकटी कशी राहील, तांटे?"

"एकटी कुठे?" तांटेने माझ्याकडे बोट दाखवलं. "तुझा आकडा आहे ना शेजारी. ही जागा तुझी. कोणी हलवणार नाही, मी नोंद केली आहे."

तांटे आगाथा वाईट बाई नव्हती. तिने नेट्टीला बाहीने डोळे पुसू दिले, आणि मग स्वतःचा रुमाल दिला, आणि पुढच्या रविवारी तो धुऊन परत मागितला.

त्यानंतर वर्षानुवर्षं नेट्टी दर रविवारी येई. माझ्याशेजारी उभी राही, कधी सूर्यफुलाच्या बिया खाई, टरफलं खिशात घाली. एकदा ती गवतावर आडवी झाली, माझ्याच जागेत, बूट घालून, मोजमाप घेतल्यासारखी. मग उठून कोट झटकला. जागा पुरत होती.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण गावातही ते थोडक्यातच सांगतात. याकोब धान्याच्या गोदामावर गहू घालायला जाई, तिथे काट्यावर वेल्डा नावाची मुलगी बसे, आणि एका हंगामात त्याचा गहू फारच वेळा तोलला गेला. घटस्फोट झाला. संमेलनात याकोबने उभं राहून सगळ्यांची क्षमा मागितली. चांगलं बोलला, दोन ठिकाणी आवाज बसला. मग सगळ्यांनी नेट्टीकडे पाहिलं, कारण आता तिने क्षमा केली म्हणायची पाळी होती.

"मी विचार करून सांगते," नेट्टी म्हणाली.

हे कोणाला आवडलं नाही. पाप केलेला माणूस रडला होता, आणि ही बाई विचार करणार होती.

त्याच आठवड्यात तांटे आगाथा संगणकासमोर बसली. यंत्राने विचारलं, ही व्यक्ती कायमची काढून टाकायची का. यंत्रं सभ्य असतात, त्याने पुन्हा एकदा विचारलं. तांटेने दोन्ही वेळा होय म्हटलं.

"लग्नाने आलेली, लग्नाबरोबर गेली," ती कॉफी ढवळत म्हणाली. तिथे दुसरं कोणी नव्हतं. "यात राग नाही. टापटीप आहे."

मी रिकामा झालो. रिकामं असणं वाईट नसतं, मित्रांनो. कोणाचाही नसलेला क्रमांक एखाद्या धुतलेल्या ताटासारखा असतो. मला तसंच ठेवलं असतं तर ही कहाणी इथेच संपली असती आणि तुम्हाला छत्रीची वाचता आली असती. पण तांटेने फार पूर्वी प्रोग्रॅममध्ये एका चौकटीत खूण केली होती: रिकामे क्रमांक नव्या नोंदींना द्यावेत. यादी छापली की मध्येच गाळलेला आकडा तिला पडलेल्या दातासारखा दिसे.

जून महिन्यात याकोब आणि वेल्डाचं लग्न झालं. तांटेने वेल्डाला भरलं. यंत्राने रिकामा क्रमांक शोधला. मला कोणी विचारलं नाही.

राहिली होती मारिके. नेट्टीला पुसल्यावर तिच्या आईची जागा संगणकात कोरी झाली होती, आणि कोरा रकाना तांटेला झोपू देत नसे. तिने फोल्डर उघडला. कागदावर तिच्याच अक्षरात होतं: वडील २१२, आई ३४७. तिने ३४७ टाइप केला. यंत्राने इशारा दिला की मुलीच्या जन्माच्या वेळी आईचं वय बारा वर्षं दिसतं, कृपया तपासा. तांटेने कागद तपासला. कागद बरोबर होता. तिने इशारा बंद केला.

त्या वर्षी संमेलनासाठी कुळाचं पुस्तक छापलं, जाड पुठ्ठ्याचं. झ्वीबाकची ऑर्डर गावच्या बेकरीला गेली होती. झ्वीबाक म्हणजे आमचे पाव, एका मोठ्या गोळ्यावर एक छोटा बसवलेला. नेट्टी तोवर त्या बेकरीतच कामाला लागली होती. तळघराच्या स्वयंपाकघरातून हॉलमध्ये वाढायची एक खिडकी आहे, त्या खिडकीत ती ट्रे घेऊन उभी होती. तिच्या छातीवर बिल्ला नव्हता. मी हॉलमध्ये होतो, वेल्डाच्या छातीवर.

वेल्डा पुस्तक चाळत होती. ती हसरी बाई, मनात काही न ठेवणारी, कारण ठेवायला फारशी जागाच नव्हती.

"ए याकोब," ती मोठ्याने म्हणाली. "हे बघ की. मी सातवीत असताना तुला मुलगी दिली म्हणे. मला सांगायचंस तरी."

टेबल हसलं.

"आमच्या वेळी सातवीत नुसते अपूर्णांक होते बुवा," गॅरेज-पीट म्हणाला.

"कोणती गं मुलगी?" कोणीतरी विचारलं.

"मारिके."

हसणं थांबायला जरा वेळ लागला, कारण मागच्या टेबलांपर्यंत विनोद अजून पोचायचा होता. याकोब ताटात सॉसेजचे तुकडे करत होता. एकाचे दोन, दोनाचे चार. खिडकीत नेट्टीने ट्रे खाली ठेवला. एका पावाचं डोकं कलंडलं होतं, ते नीट बसवलं, आणि ती मागच्या दाराने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती तांटेच्या घरी गेली. तांटेने तिला बसायला सांगितलं, कॉफी दिली. आमच्याकडे शत्रूलाही कॉफी देतात, साखर मात्र त्याने स्वतः घ्यायची.

"तांटे, पुस्तकात चूक झाली आहे."

"दाखव."

नेट्टीने दाखवली. तांटेने फोल्डर आणला, कागद काढला, तिच्यासमोर ठेवला. "हे अक्षर कोणाचं?"

"तुमचं."

"आई कोण लिहिलंय?"

"तीनशे सत्तेचाळीस. पण ती मी होते, तांटे. तुम्ही हे लिहिलंत तेव्हा मी याच खुर्चीत बसले होते. मारिके मांडीवर होती."

"होतीस," तांटे म्हणाली. "मी कुठे नाही म्हणते? पण आता तीनशे सत्तेचाळीस वेल्डा आहे. एक आकडा दोन माणसांचा नसतो. नाहीतर पुन्हा सात पीटर होतील."

नेट्टीने कप बाजूला सारला.

"बरं," ती म्हणाली. "पुस्तकात वेल्डाला आई करा. पाहिजे तर आजी करा. मी पुन्हा विषय काढणार नाही. मला फक्त ती जागा द्या."

"जागा तीनशे सत्तेचाळीसची आहे."

"ती वेल्डाला ओळखतसुद्धा नाही."

"ती कोणालाच ओळखत नाही, नेट्टी. ती मेली आहे."

हे तांटे दुष्टपणे बोलली नाही. एखादी तारीख दुरुस्त करावी तसं बोलली.

"मग मला नवा आकडा द्या. सगळ्यात शेवटचा द्या. मी समितीकडे तो घेऊन जाईन."

तांटे खरोखरच उठली, संगणक सुरू केला, चष्मा पुसून लावला. तिला काम नाकारायची सवय नव्हती. "नाव घातलं. जन्मतारीख आठवते मला. आता नातं. नातं घातल्याशिवाय समितीच्या यादीत येत नाही. काय लिहू?"

"मारिकेची आई."

तांटेने पडद्याकडे पाहिलं, मग नेट्टीकडे. "तो रकाना भरलेला आहे," ती म्हणाली.

समितीची बैठक फास्पाच्या वेळी झाली, म्हणजे रविवारी दुपारच्या खाण्याला. डुक्कर-पीट अध्यक्ष होता. जॅम, चीज, लोणच्याच्या काकड्या, आणि विषय क्रमांक चार. नेट्टीला आत बोलावलं होतं, खुर्ची दिली नव्हती. कोणाच्या ते लक्षात आलं नाही.

"वेल्डाने जागा सोडली तर आमची हरकत नाही," पीट म्हणाला. "वेल्डा, तुझं काय?"

"मला काय करायचंय तिथे झोपून," वेल्डा म्हणाली. "मी कुठे मरतेय." मग ती थांबली. "पण ही सोडली तर मला कुठली मिळेल?"

पीटने नकाशा पाहिला. "नाल्याकडची रांग मोकळी आहे."

"नाल्याकडची? तिथे एप्रिलमध्ये गुडघाभर पाणी असतं."

"मे महिन्यात ओसरतं," पीट म्हणाला. त्याला खरं बोलायची सवय होती.

"मग नको. ही कोरडी आहे. नेट्टी, वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण पाण्यात कोण पडणार?"

सगळ्यांनी याकोबकडे पाहिलं. मारिके त्याचीही होती. याकोबने तोंडातला घास चावला, अजून चावला, आणि त्याचं मत घासाबरोबर खाली गेलं.

ठराव झाला. कुळाची दया म्हणून नेट्टीला नाल्याच्या रांगेत जागा द्यावी, विनाक्रमांक. एकमताने मंजूर. पीटने तिला पावाबद्दल विचारलं, यंदा लोणी कमी होतं का. नेट्टी म्हणाली, नाही, तेवढंच होतं.

त्या संध्याकाळी ती दफनभूमीत आली. नेहमीसारखी उभी राहिली. मग वाकली, दोन्ही हातांनी मला धरलं, डावी-उजवीकडे हलवलं आणि उपटलं. कोटात लपवून घरी नेलं. मी तिच्या स्वयंपाकघरात लाटण्यांच्या शेजारी उभा राहिलो, मातीचं टोक खाली. पुढच्या आठवड्यात समितीने माझ्या जागी लोखंडी खुंटी ठोकली, त्यावर पत्र्याची पट्टी, पट्टीवर मीच. नेट्टीला ते कळलं होतं. तिने फक्त मारिकेच्या शेजारचं काहीतरी घरी आणलं होतं.

लाटण्यांशेजारी मी बरीच वर्षं काढली. ती माझ्याशी कधी बोलली नाही. तुमच्या गोष्टींत माणसं वस्तूंशी बोलतात. नेट्टी बेकरीत पहाटे उठून पीठ मळणारी बाई होती, तिला तेवढा दम उरत नसे. नाताळात मात्र ती फडक्याने माझी धूळ पुसायची. आधी लाटणी, मग मी.

तांटे आगाथा एका शरद ऋतूत गेली. तिच्या दगडावर तिच्या इच्छेप्रमाणे नावाखाली "१" कोरला. फाइल गेली तिच्या नातलगांतल्या डेरेककडे, कॅल्गरीला. डेरेक संगणकातलाच माणूस, चाळिशीचा, गावात दोनदा आलेला. तांटेचा प्रोग्रॅम जुना झाला होता, म्हणून त्याने सगळं कुळ नव्या प्रोग्रॅममध्ये ओतलं. त्या प्रोग्रॅमने सगळ्यांना नव्याने आकडे दिले, सर्वांत जुन्या पूर्वजापासून, एकेक शाखा संपवत. फोनवर कोणीतरी विचारलं तेव्हा डेरेक म्हणाला, "आकड्याला काय अर्थ आहे? तो यंत्राने आपल्या सोयीसाठी लावलेला असतो. नाती शाबूत आहेत ना, झालं तर."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. फक्त ते त्याने खुंट्यांना सांगितलं नाही. तांटेच्या दगडावरचा एक आता तीनशे वर्षांपूर्वीच्या कुणा विणकराचा आहे.

डेरेकने नवी यादी छापून समितीला पाठवली. दर वसंतात पीट यादी घेऊन खुंट्या तपासतो. या वेळी मारिकेशेजारच्या पट्टीवर तो थांबला. यादीत ३४७ होता आब्राम वीबे, जन्म १७४१, मृत्यू १७८९, विस्तुला नदीकाठच्या पाणथळ मुलखात, समुद्रापलीकडे. पीटने ओळीवर बोट ठेवून दोनदा वाचलं. मेलेला होता. म्हणजे जागा भरलेली होती. त्याने टोपी काढली.

वेल्डाला तिचा नवा आकडा मिळाला आणि कुठेतरी मधल्या रांगेत कोरडी जागाही. "सुटले बाई," ती बेकरीत पाव घेताना नेट्टीला म्हणाली. "त्या पोराशेजारी मला कसंसंच व्हायचं. आता तू घेऊन टाक."

नेट्टीने अॅप्रन काढला आणि तशीच पीटच्या गोठ्यावर गेली. त्या दिवशी तिने बऱ्याच वर्षांनी घाईने रस्ता ओलांडला.

"पीट, वेल्डाला ती जागा नकोय."

"हो, बोलली ती."

"मग मला दे."

पीटने हात धुतले, पुसले, यादी आणली. तो कोणालाही उभ्या उभ्या नाही म्हणत नसे. "तिथे आब्राम आहे," तो म्हणाला.

"कोण आब्राम?"

"आपला आब्राम. सतराशे एकोणनव्वदला गेलेला."

"पीट, तो तिकडे मेला. पाण्यापलीकडे. तेव्हा हे गावच नव्हतं."

"ते मला सांगून काय उपयोग? मला यादी येते."

"खाली कोणी नाही. मारिकेला पुरलं तेव्हा मी तिथे उभी होते. तूच पेंढा जाळलास."

पीट विचारात पडला. त्याला आठवत होतं, ते त्याच्या तोंडावर दिसलं. "जाळला होता," तो म्हणाला. "फार थंडी होती. पण तेव्हा यादी वेगळी होती, नेट्टी."

"खणून बघ."

"पूर्वजाची कबर?" पीट खरोखर दुखावला. "असं बोलू नये."

पुढच्या संमेलनात तिथे छोटा ग्रॅनाइटचा दगड बसवला. आमच्या दफनभूमीतला सर्वांत जुना पूर्वज. बाहेरगावचे वीबे आले की त्याच्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. मारिके फोटोत अर्धी येते.

नेट्टी दोन वर्षांनी गेली, मार्च महिन्यात, बेकरीच्या भट्टीसमोर. तिला नाल्याच्या रांगेत पुरलं, ठरावाप्रमाणे. तिच्याबरोबर काम करणाऱ्या हिल्डाने तिची खोली आवरली. डोक्याशी लावायला खूण काहीच नव्हती. हिल्डाला लाटण्यांत एक खुंटी सापडली, टोकाला माती असलेली, वर आकडा. आकडा असलेली खुंटी कशासाठी असते ते गावात सगळ्यांना माहीत आहे. तिने मला नेलं आणि नेट्टीच्या डोक्याशी ठोकलं.

ते दोन महिने, मित्रांनो, मी बरोबर जागी होतो. पाणी आलं, माझ्या अर्ध्या अंगापर्यंत चढलं, आणि मी हललो नाही.

पाणी ओसरल्यावर पीट यादी घेऊन आला. त्याने आधी नाल्याकडे पाहिलं, मग वर आब्रामच्या दगडाकडे. "एक आकडा दोन जागी नको," तो स्वतःशीच म्हणाला, आणि मला उपटून खांद्यावर टाकलं. लाकूड चांगलं होतं, म्हणून फेकलं नाही.

आत्मवृत्ताच्या शेवटी काही मागायचा रिवाज आहे. छत्री म्हणते मला वाळवून ठेवा, बैल म्हणतो मला मारू नका. माझं मागणं लहान आहे. आकडा लिहाल तिथे शेजारी नाव लिहा. कितीही जागा गेली तरी लिहा. आणि एखादा आकडा रिकामा झाला तर तो तसाच ठेवा, दुसऱ्याला देऊ नका. यादी थोडी बोळकी दिसेल, दिसू द्या. बाकी तुमची मर्जी. क्रमांकाचं कोणी ऐकल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

उन्हाळ्यात पीट दर शनिवारी गवत कापतो. म्हातारा झाला आहे, पण हात अजून नेटका आहे. आब्रामच्या दगडापाशी यंत्र थांबवतो, टोपी काढतो, आणि कडेकडेने हाताने गवत कापतो, पाय पडू नये म्हणून. नाल्याच्या रांगेला खुणा नाहीत, तिथे यंत्र सरळ चालवतो. मग खोलीत येतो, मला उचलतो आणि पात्यांचं गवत खरवडतो. ते कोणत्या रांगेतलं आहे, ते मला ओलीवरून कळतं.